आईबरोबर गड नदीच्या काठाने

वडिलांचं वर्षश्राद्ध झालं त्या दुपारी, जेवणं उरकून माणसं गेल्यावर, आई मागच्या पडवीत बसून उरलेली केळीची पानं पुसत होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी मला पुण्याला परतायचं होतं. पान पुसता पुसता, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "तुका रजा गावली तर माका न्हंयच्या काठान चलत जावचा आसा. समुद्रापर्यंत."

न्हंय म्हणजे नदी. आमची गड नदी. घरापासून हाकेच्या अंतरावर ती वाहते, पण कित्येक वर्षांत आईच्या तोंडून मी तिचं नाव ऐकलं नव्हतं.

"कित्या गे?" मी विचारलं.

"ती खंयसून खंयसून गेली तां माका बघूचा आसा," आई म्हणाली आणि पुसलेलं पान गठ्ठ्यावर ठेवलं.

खंयसून म्हणजे कुठून, आणि ती म्हणजे माझी ताई. मी सातवीत होते तेव्हा ताई कणकवलीला कॉलेजात जायची. शेवटचं वर्ष होतं. पावसाळ्यातली एक संध्याकाळ. एसटीतून उतरून तिच्यासह गावातल्या तिघी कॉजवेवरून, नदीतल्या बुटक्या पुलावरून, येत होत्या. पाणी घोट्याएवढं होतं, असं बाकीच्या दोघी नंतर सांगत. त्या पुढे होत्या, ताई मागे. वर घाटात पाऊस पडला असणार, कारण पाणी एकदम वाढलं. दोघी पलीकडे पोचल्या आणि वळून बघितलं तर मागे कोणी नव्हतं. दोन दिवसांनी खाली मसुऱ्याच्या बाजूला ताई सापडली. वडील आणि काका गेले. घरी आणण्यासारखी अवस्था नव्हती म्हणून तिथेच नदीकाठी अग्नी दिला आणि माघारी आले. आईला कोणी नेलं नाही. त्या काळी बायकांना नेत नसत, आणि आई तेव्हा चालूही शकत नव्हती इतकी खचली होती. वडील आले, मागच्या दाराने न्हाणीत गेले, आंघोळ करून बाहेर आले आणि ओसरीवर बसले. आईने काय विचारलं आणि त्यांनी काय सांगितलं ते मला आठवत नाही. मला वाटतं, तिने विचारलंच नाही आणि त्यांनी सांगितलंच नाही.

त्यानंतर नदीकाठचा आमचा मळा काकांनी करायला घेतला. आई नदीवर धुणं न्यायची ते बंद झालं, विहिरीवरच सगळं करू लागली. गाडी कणकवलीच्या पुलावर आली की ती पिशवीत काहीतरी शोधायला लागे. पूल संपला की पिशवी बंद. मला हे कळायला बरीच वर्षं गेली.

मी जानेवारीत रजा काढली. ऑफिसात सांगितलं, आईबरोबर चालायला जातेय, सुट्टी आहे. बरोबरीच्या एका बाईने कौतुक केलं, म्हणाली, छान, आमच्या आईला गेटपर्यंत जायला रिक्षा लागते. मी हसले. खरं तर मला भीती वाटत होती. आई पंचाहत्तरीला आली होती. पाय शेतातले, त्यांची मला काळजी नव्हती. पण चालता चालता ती कुठेतरी मोडून पडली तर मी एकटी काय करणार, हा विचार जात नव्हता. मी तिच्यासाठी कॅन्व्हासचे बूट नेले होते. तिने ते घालून खळ्यात, दारच्या अंगणात, चार पावलं टाकली आणि म्हणाली, "बरे आसत." कणकवली यायच्या आतच ते पिशवीत गेले आणि पुढची सगळी वाट ती तिच्या रबरी चपलांवर चालली.

घाई करायची नाही असं आम्ही ठरवलं होतं. सकाळी उन्हं वर यायच्या आत निघायचं, दुपारी कुठेतरी सावलीत टेकायचं, चहाच्या वेळेला मुक्कामाला पोचायचं. मुक्काम मी आधी ठरवून ठेवले होते. पहिला आईच्या मामेबहिणीकडे, दुसरा वाटेतल्या एका देवळाच्या भक्तनिवासात, तिसरा मसुऱ्यात एका घरगुती खानावळीच्या खोलीत. काठाने सलग वाट कुठेच नाही. थोडं काठाने गेलं की व्हाळ, एखादा ओढा, आडवा येतो किंवा कोणाचं कुंपण येतं, मग वर रस्त्याला लागायचं आणि पुढच्या पाणंदीने पुन्हा खाली उतरायचं.

निघालो त्या सकाळी धुकं होतं. गवतावर दव इतकं की आईच्या लुगड्याचा काठ भिजून जड झाला. काजूला मोहोर होता, त्याचा वास थंड हवेत खाली बसला होता. आम्ही पहिल्यांदा कॉजवेपाशी गेलो. आता तिथे वरच्या बाजूला उंच पूल झालाय. जुना कॉजवे खाली तसाच आहे, शेवाळलेला, मधला तुकडा वाहून गेलेला. जानेवारीत नदीला पाणी ते किती! दगडांमधून वाट काढत जाणारी, गुडघ्याला न लागणारी धार. आई कॉजवेच्या टोकाला उभी राहिली.

"हयसरच?" तिने विचारलं.

"हो."

ती त्या पाण्याकडे बघत होती. मग म्हणाली, "येवडाशां पानी." आणि चालायला लागली. मी मागून निघाले. ती वळून बघेल असं मला वाटलं होतं. तिने बघितलं नाही.

पहिला दिवस आम्ही फारसं बोललो नाही. नदीकाठच्या मळ्यांत वायंगणीची, म्हणजे उन्हाळी भाताची, लावणी चालली होती, बायका ओणव्या होत्या. कोणी ना कोणी कंबर सरळ करून विचारायची, खंय चलल्यात? आई बेधडक सांगायची, "हिका डॉक्टरान चलूक सांगल्यान हा. एकटी जाता कशी, म्हणान मी इलंय." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी तिच्याकडे बघतच राहिले. दुसऱ्यांदा मला हसू आलं. मामेबहिणीच्या घरी पोचेपर्यंत तिने माझ्या आजाराला साखरेचं नाव दिलं होतं, आणि रात्रीच्या जेवणात मावशीने मला भात कमी वाढला.

दुसऱ्या दिवशी, कणकवली मागे पडल्यावर, आई बोलायला लागली. आम्ही महामार्गाच्या पुलाखालून गेलो. डोक्यावरून ट्रक जात होते आणि खाली एक माणूस शांतपणे म्हशी धूत होता. पुलाच्या सावलीतून बाहेर आलो तशी आई म्हणाली, "तिका सायकल होयी होती."

"ताईला?"

"कालेजात जावक. मी नको म्हटलंय. चेडवाक सायकल कशाक, लोक काय म्हणतीत. सायकल असती तर ती त्या वेळेक घरी पोचली असती."

मी म्हटलं, "पावसात सायकल कशी चालवली असती गे तिने? त्या रस्त्यावर?"

"तांही खराच," आई म्हणाली. तिने त्यावर विचार केल्यासारखं वाटलं. हा प्रश्न ती किती वर्षं एकटीच उलटसुलट करत होती कोण जाणे.

मग एकेक गोष्ट निघत गेली. मला ताई आठवायची ती मोठ्या बहिणीसारखी, माझ्या वेण्या घालणारी, अभ्यास घेताना कान पिळणारी. आईच्या तोंडचं हे चेडू, ही मुलगी, मला ठाऊक नव्हती. ती कच्च्या चिंचा खाऊन दात आंबले की आईच्या पदराला दात पुसायची. एका स्थळाकडची माणसं बघायला आली तेव्हा ती पोह्यांची बशी ठेवून परत आत न जाता त्यांच्यासमोर पाटावर बसली आणि मुलाला विचारलं, तुमी किती शिकलात? वडील त्यावर आठ दिवस तिच्याशी बोलले नव्हते. आई हे सांगताना हसली, आणि हसल्यावर तिने माझ्याकडे असं बघितलं जणू मी तिला रागावणार आहे.

दुपारी आम्ही एका आंब्याखाली बसून घावणे आणि लसणीची चटणी खाल्ली. तिथे नदीने एक मोठा कोंड धरला होता, पाणी हिरवंकाळं आणि जागच्या जागी थांबल्यासारखं. आई म्हणाली, "अशा जागी अडाकली आसतली काय गो ती? थांबली आसतली?" मी म्हटलं, पुरात कोंड कुठे असतो, सगळंच वाहतं. मला वाटलं, हो म्हणायला हवं होतं. पण तिला हो हवं होतं की नाही हवं होतं, ते मला आजही सांगता येणार नाही.

संध्याकाळी भक्तनिवासाच्या ओट्यावर माझे पाय सुजलेले बघून तिने खोबरेल तेल मागून आणलं आणि माझे पाय मांडीवर घेतले. मी नको नको म्हणत होते. पंचाहत्तर वर्षांची बाई चालून आलीय आणि सत्तेचाळीस वर्षांच्या मुलीचे पाय चोळतेय. देवळाची झाडलोट करणारी बाई ते बघून म्हणाली, "लेकीक काय झालां?" आई म्हणाली, "साखर."

तिसऱ्या दिवशी नदी बदलली. काठ उंच झाले, दोन्ही बाजूंना माड-पोफळीच्या बागा आल्या, पाणी रुंद आणि सुस्त झालं. एका ठिकाणी बागेतून पायऱ्या खाली उतरत होत्या. आईने ओंजळीत पाणी घेऊन जिभेला लावलं. "खारां," ती म्हणाली. भरतीचं पाणी इथवर येतं. मसुरे जवळ आलं होतं, आणि तिचा वेग कमी झाला होता. दमल्यामुळे नाही, ते मला दिसत होतं.

गावाच्या तोंडाशी एका दुकानात आम्ही लिमलेटच्या गोळ्या घ्यायला थांबलो. बाकावर एक म्हातारे गृहस्थ पेपर वाचत बसले होते. त्यांनी नेहमीसारखं विचारलं, खंयसून इल्यात. आईने या वेळी माझं दुखणं सांगितलं नाही. तिने आमच्या गावाचं नाव सांगितलं. त्यांनी पेपर खाली ठेवला.

"त्या गावचां एक चेडू न्हंयतून इल्लां," ते म्हणाले. "झाली बरीच वर्सां. तुमका ठावक असात."

"माजां चेडू तां," आई म्हणाली.

दुकानदार सुटे पैसे देत होता, त्याचा हात तसाच राहिला. म्हातारे उठून उभे राहिले. त्यांनी आईला बाकावर बसायला सांगितलं, पाणी मागवलं. आई पाणी प्यायली आणि म्हणाली, "अग्नी दिल्यानी ती जागा बघूची होती." ते म्हणाले, "जागा मी दाखवीन. पण तुमी आधी त्या वाडीतल्या शेवटच्या घरात जावा. थंयच्या सुनेक भेटा. माज्यापरास तिका जास्त ठावक आसा." आणि ते आमच्याबरोबर चालत वाडीच्या वळणापर्यंत आले, घर दाखवलं आणि तिथूनच मागे फिरले.

जिला ते सून म्हणाले ती बाई माझ्यापेक्षा मोठी होती, पंचावन्नच्या आसपासची. खळ्यात सुपारी वाळत घातली होती आणि ती वाकून हाताने परतत होती. आम्ही कोण ते मी सांगितलं. तिने कमरेचा पदर सोडून हात पुसले, आईकडे बघितलं आणि काही न बोलता घरातून चटई आणून पडवीत घातली. आम्ही बसलो. तीही समोर जमिनीवर बसली.

"माजां लगीन होवन वरीस होवक नाय होतां तेवा," ती म्हणाली. "सासरो सकाळी गुरां बघूक गेल्लो, तेका दिसलां. माडाच्या मुळांत अडाकलेलां. पुरुषांनी वर काडल्यानी, पोत्यान झाकून ठेवल्यानी. पोलीस येवचे होते. मगे निरोप गेलो तुमच्याकडे. तुमचे घोव येयसर दुपार कलली."

घोव म्हणजे नवरा, माझे वडील. आई एकटक तिच्याकडे बघत होती.

"बायका कोण जवळ जाय नाय. भियत होती सगळी. मी पण भियलंय. पण पोत्याखालसून पाय दिसत होते. माज्यायेवडीच होती ती. माका वाटला, हिच्या आयेक कळला की हिका अशी ठेवल्यानी, तर ती काय म्हणात?" ती थांबली. "पोलीस गेल्यार मी घागर घेवन गेलंय. केसांत रेती होती. ती धुतलंय. अंगार कपडे धड नव्हते. माज्या म्हायेरची एक साडी होती, ती नेसवलंय. सासू माका खूप बोलली, आंघोळ केल्याशिवाय घरात घेवक नाय."

मी खाली बघत होते. चटईच्या एका काडीला माझं नख लागलं होतं आणि मी ती उचकटत होते. आईचा आवाज आला.

"तोंड कसां होतां?"

घरात कुठेतरी रेडिओ चालू होता, त्या बाईने उठून तो बंद केला आणि परत येऊन बसली.

"एका बाजून खरचटलेलां होतां. मी खोटां सांगूचंय नाय. दुसरी बाजू बरी होती. डोळे उघडे होते ते मी मिटलंय."

आई पुढे सरकली. तिने त्या बाईचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. सुपारीने बोटं काळी पडलेली होती. आईने ते हात उलटे केले, सुलटे केले, एकेका बोटावरून अंगठा फिरवला. मग ते हात तिने आपल्या डोळ्यांना लावले. ती रडली ती त्या वेळी. आवाज न करता, खांदे हलत होते फक्त. ती बाईही रडत होती. मी उठून खळ्यात गेले, कारण मला वाटलं की तिथे माझं काही काम नाही.

थोड्या वेळाने मला आत बोलावलं. चहा झाला. त्या बाईने आईला विचारलं, "तिचां नाव काय होतां? माका कोणी सांगूक नाय." आईने नाव सांगितलं. बाईने ते एकदा स्वतःशी म्हटलं. मग म्हणाली, "दर वर्सा आठवण येता असां मी म्हणूचंय नाय. पोरां झाली, कामां होती. पण पावसात न्हंय फुगली की येता."

चहाचे कप उचलता उचलता ती सहज बोलून गेली, "तुमचे घोव मगे एकदा इल्ले."

"कोण?" आई म्हणाली.

"ते. दुसऱ्या वर्सा. माका साडी घेवन. हयसरच बसले. पानी पिले. 'बरी आसंस मां, बाय?' इतकांच म्हणाले. मगे गेले."

आईचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. मला वडील आठवले. ते वर्षातून एकदोनदा मालवणला कचेरीच्या कामाला म्हणून जायचे, येताना सुके बांगडे आणायचे. त्यातल्या कुठल्या खेपेला ते इथे येऊन गेले असतील? दुकानात उभं राहून साडी कशी निवडली असेल? आमच्या घरात सगळ्यांच्या साड्या आईच घ्यायची. त्यांना तर रंगांची नावंही धड येत नसत.

उन्हं कलल्यावर ती बाई आम्हाला जागा दाखवायला घेऊन गेली. बागेच्या टोकाला पोचलो तर पुढे काठच नव्हता. जमीन कापल्यासारखी तुटलेली आणि खाली पाणी. दोन माड अर्धे मुळांसकट बाहेर आलेले, वाकून नदीवर लोंबत होते. तिने हात लांब करून पाण्याकडे बोट दाखवलं. "थंय होती जागा. न्हंयन खाल्ल्यान."

आई तिथेच खाली बसली. ती बाई सुपारी झाकायला घरी परत गेली. आम्ही दोघीच उरलो. भरती चढत होती, पाणी उलटं, वरच्या दिशेला सरकत होतं. मग आई बोलली.

"माका वाटायचां, तिका कोणी बायल माणसान हात लावूक नाय. परक्या पुरुषांत ती तशीच गेली. रोज वाटायचां. भाकरी थापताना वाटायचां."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"तेंका ठावक होतां," ती म्हणाली. "हयसर येवन बसले, पानी पिले. घरी येवन माका सांगूक काय झालां? एक वाक्य. इतकी वर्सां एका घरात रवलंव. एक वाक्य, गो."

मला वडिलांची बाजू घ्यावीशी वाटली. ते कसे होते ते मला माहीत होतं. ताईचं नाव निघालं की ते उठून गोठ्यात जायचे. मला वाटलं, त्यांना ते वाक्य तोंडातून काढताच आलं नसेल. किंवा त्यांना वाटलं असेल, साडी नेसवली हे सांगायचं तर ती का नेसवावी लागली तेही सांगावं लागेल. हे सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. पण आई रागावलेली होती, आणि मला कळत होतं की ह्या रागावर तिचा हक्क आहे.

त्या रात्री आम्ही खानावळीत गेलो नाही. त्या बाईने जाऊच दिलं नाही. तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी गेला होता, मुलगे मुंबईला. संध्याकाळी आई तिच्या चुलीपाशी बसून नारळ खवत होती आणि दोघी कुळथाच्या पिठीत कोकम आधी घालावं की नंतर, यावर बोलत होत्या. मी दारात उभी राहून ऐकत होते. ताई असती तर आज ह्याच वयाची असती, हे मला तेव्हा सुचलं. आईला ते पडवीतच सुचलं असणार, कारण जेवताना ती त्या बाईला म्हणाली, "तुजे केस लवकर पिकले गो," आणि मग तिच्याकडे इतका वेळ बघत राहिली की ती बाई लाजली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आम्हाला खाडीपर्यंत सोडायला आली. तिथून पुढे होडीनेच जायचं होतं; होडीत बसताना आईने तिला सांगितलं, घरी ये. ती म्हणाली, येतंय. होडी निघाली तरी ती काठावर उभी होती.

दुपारी आम्ही तोंडवळीला समुद्रावर पोचलो. सुरूची झाडं, त्यापलीकडे वाळूचा लांब पट्टा, आणि त्याच्या टोकाला नदी समुद्रात शिरते ती जागा. नदी कुठे संपली आणि समुद्र कुठे सुरू झाला ते काही कळत नाही. पाण्यावर एक फेसाची रेघ तेवढी मागेपुढे होत असते. कोणी नव्हतं. दूर रापण ओढून झाल्यावर सुकत घातलेली जाळी दिसत होती. मी आईला विचारलं, फूल, हळदकुंकू काही वाहायचंय का, मी पिशवीत ठेवलं होतं. तिने नको म्हणून मान हलवली. पाण्यात घोट्यापर्यंत जाऊन ती उभी राहिली. लाटेने पायाखालची वाळू ओढली तसा तिचा तोल गेला, मी दंड धरला.

"किती मोठो आसा," ती समुद्राकडे बघत म्हणाली. मग जरा वेळाने, "बरां झालां ती हयसरपर्यंत इली नाय. हयसर इली असती तर गावली नसती."

आम्ही सुरूच्या सावलीत बसून त्या बाईने बांधून दिलेले घावणे खाल्ले. तिला झोप आली. माझ्या मांडीवर डोकं ठेवून ती झोपली, तोंड थोडं उघडं, आणि मी तिच्या कपाळावरची वाळू पुसत राहिले. संध्याकाळच्या गाडीने आम्ही घरी परतलो.

आई वडिलांना माफ करेल असं मला तेव्हा वाटलं होतं. मेलेल्या माणसावर कोणी किती दिवस रागावणार? पण पुढे मे महिन्यात मी गेले तेव्हा वडिलांच्या फोटोला हार घालताना ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "माज्या मनात राग आसा. तो रवतलो." आणि हार नीट सरळ केला. त्यानंतर तिने तो विषय काढलेला नाही. ताईचा मात्र ती काढते. चिंच दिसली की काढते, कुणाचं स्थळ आलं की काढते. कधी माझ्या मुलीला फोनवर सांगते, तुझी मावशी अशी होती. माझी मुलगी विचारते, आजी आताच का सांगायला लागली हे सगळं? मी तिला थोडं सांगितलं आहे.

मसुऱ्याची ती बाई यंदा गणपतीला आली. भर पावसात, दोन गाड्या बदलून. आई दोन दिवस आधीपासून वाट बघत होती. आरतीला शेजारपाजारच्या बायका जमल्या, त्यांनी विचारलं, ही कोण? आईने तिच्या हातात नैवेद्याचं ताट दिलं आणि म्हणाली, "ही आमची मसुऱ्याची." बायकांना वाटलं माहेरकडची कोणी असेल. कोणी पुढे विचारलं नाही.